प्राणहितेवरचे चार महिने

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे मी चार महिने बोटीवर राहिलो असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, कुठं, गोव्याला? मी सांगतो, प्राणहितेवर. मग तो विषय बदलतो, कारण प्राणहिता त्यानं पुलावरून, तीही बसच्या खिडकीतून पाहिलेली असते.

वर्धा आणि वैनगंगा गोंडपिपरीच्या खाली जिथं एकमेकींना मिळतात तिथून प्राणहिता सुरू होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. एका कंपनीला त्या सगळ्या लांबीत पाण्याची खोली मोजायचं काम मिळालं होतं. नुसतं मोजत जायचं नव्हतं. ठरलेल्या जागी चार दिवस, कुठं आठ दिवस मुक्काम करून सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी लिहायची, पाणी किती गरम, किती गढूळ ते बघायचं, आणि मग पुढच्या जागी जायचं. पावसाळ्यानंतर पाणी उतरत जातं ते त्यांना दिवसागणिक हवं होतं. किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी रस्ता नाही, म्हणून माणसानं बोटीवरच राहायचं.

मी रस्त्यांच्या मोजणीत वीस वर्षं घालवलेला माणूस. पाण्याचं काम कधी केलं नव्हतं. तरी मी लगेच हो म्हटलं. त्याचं कारण पाणी नव्हतं. दिवाळीनंतर एका दुपारी बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी खुर्चीत बसून काहीतरी वाचत होतो. तिनं मला काहीतरी विचारलं असावं, दोनदा. मी उत्तर दिलं नाही. तेव्हा ती घडी घालता घालताच म्हणाली, "तुम्ही घरी असले काय न् नसले काय, आम्हाला सारखंच आहे." आवाज चढला नव्हता. मुलीच्या शाळेच्या ड्रेसची घडी तिनं पूर्ण केली आणि पुढचा कपडा घेतला. भांडण झालं असतं तर मी भांडलो असतो. हे ऐकून मला काय करावं ते कळलं नाही, आणि आठवड्याभरात हे काम समोर आलं.

बोट म्हणजे लोखंडी सपाट बुडाची, वीसेक फूट लांब. मागं इंजिन, मधल्या भागावर पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंनी खाली सोडता येईल अशी ताडपत्री. छपराखाली दोन फळ्या, त्यावर आमच्या दोघांच्या गाद्या. एक लोखंडी पेटी, एक गॅसची शेगडी, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन, खोली मोजायचं यंत्र आणि माझ्या वह्या. काठावरचे लोक तिला बोट म्हणत नसत. त्यांच्या लेखी पाण्यावर जे तरंगतं आणि माणूस नेतं तो डोंगा.

दुसरा माणूस म्हणजे नावाडी. गोंडपिपरी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचा ढिवर, म्हणजे मासेमार, पंचावन्नच्या आसपासचा, काटक, दोन्ही पायांच्या बोटांमध्ये पाण्यानं खाल्लेली पांढरी कातडी. मी त्याला भाऊ म्हणायचो, तोही मला भाऊच म्हणायचा. पहिल्या दिवशी साहेब म्हणाला होता, संध्याकाळी मला भांडी घासताना पाहिलं तेव्हापासून मी भाऊ झालो.

बोट कुठं लावायची हे त्याचं काम आणि त्यातच मी पहिल्या आठवड्यात तोंड घातलं. संध्याकाळ होत आली होती. एका रेतीच्या पट्ट्याला लागून कमरेएवढं पाणी होतं, रेती स्वच्छ होती, मला ती जागा आवडली. तो म्हणाला, इथी नको, पाणी सरकून राह्यलं. मी म्हटलं, एका रात्रीत किती सरकणार? त्यानं वाद घातला नाही. नांगर टाकला. सकाळी जागा झालो तर बोट एका बाजूला कलंडलेली, खाली ओली रेती आणि पाणी आमच्यापासून दहा-बारा पावलं दूर. दीड दिवस आम्ही फावड्यानं चर खणत होतो. त्या दीड दिवसात तो मला एका शब्दानं बोलला नाही. फक्त बोट पाण्याला लागल्यावर म्हणाला, "आता मी सांगन तिथी."

त्यानंतर मी शिकलो. उंच कडेच्या खाली लावायची नाही, कारण उतरत्या पाण्यात कडा कधी सुटून खाली येईल सांगता येत नाही. डोहात लावायची, पण डोहाच्या ज्या बाजूला सकाळचं ऊन आधी येतं त्या बाजूला. नांगराची दोरी सैल सोडायची. आणि वाळलेल्या झाडाच्या आसपास नाही, तिथं पाण्याखाली त्याच्याच फांद्या असतात.

डिसेंबरातली प्राणहिता शांत असते. डाव्या हाताला आपला गडचिरोलीचा काठ, सागाचं आणि अर्जुनाचं जंगल पाण्यापर्यंत उतरलेलं. उजव्या हाताला तेलंगणा, तिकडं कापसाची आणि मिरचीची शेतं. सूर्य आमच्या जंगलातून उगवायचा आणि त्यांच्या शेतात मावळायचा. सकाळी पाण्यावर धुकं असायचं, इतकं की बोटीचं पुढचं टोक दिसत नसे. धुक्यातून कुठूनतरी मासे मारणाऱ्याच्या वल्ह्याचा आवाज यायचा आणि तो माणूस कधी दिसायचाच नाही.

संध्याकाळी भाऊ शेगडीपाशी बसून भात टाकायचा आणि बोलायचा. लहानपणाच्या गोष्टी सांगायचा, पुराच्या, जाळ्यात सापडलेल्या कुठल्या कुठल्या माशांच्या, बापाच्या. मी दिवसभराचे आकडे कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवत असायचो. हं, हं म्हणायचो. त्याच्या बापाची एक मोठी गोष्ट होती, बाप पुरात वाहत गेला आणि तीन दिवसांनी परत आला अशी काहीतरी. ती सांगायला त्याला दोन संध्याकाळी लागल्या. मला आज ती आठवत नाही. ऐकलीच नव्हती. पुढं पुढं तो कमी बोलू लागला, आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

संक्रांतीच्या थोडं आधी आम्ही अहेरीच्या वर एका घाटाला होतो तेव्हा त्याला निरोप आला की त्याची बहीण वारली. त्यानं एका पिशवीत कपडे भरले. तेरवी झाली का येतो, म्हणाला. मी इतकंच म्हटलं की आरामात या. घाट चढायच्या आधी तो थांबला आणि म्हणाला, "एकट्यानं डोहाच्या मधात नांगर नका टाकू. काठाजवळ राहा, कोनाले तरी दिसान असे."

तेरवी होऊन गेली, तो आला नाही. फोन लावला तर बंद. ऑफिसातून मला विचारलं, दुसरा माणूस पाठवू का? इंजिन चालवायला मी एव्हाना शिकलो होतो. मी म्हटलं, गरज नाही, मी एकटा करतो. ऑफिसला ते सोयीचंच होतं.

पहिले चार-पाच दिवस मला फार मोकळं वाटलं. कुणी विचारणारं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. मी डोहाच्या बरोबर मधोमध नांगर टाकायचो. भात मन मानेल तेव्हा, कधी दुपारी तीनला. दाढी करायची सोडली. मग एका सकाळी तेलंगणाच्या काठावरून कुणी म्हातारा मला काही विचारायला लागला, तेलुगूत, आणि मी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. घसा खाकरून दोनदा प्रयत्न केला तेव्हा कुठं शब्द आला. किती दिवस बोललो नव्हतो ते मोजलं. सहा.

त्या दिवसानंतर मोकळं वाटणं गेलं. काम तेच होतं, पण दिवस फार लांब झाले. सकाळचं मोजमाप आठपर्यंत संपायचं. संध्याकाळचं पाचला. मधले नऊ तास पाणी बघायचं. पाण्याकडे बघून माणसाला शांत वाटतं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नव्हतं. मला घरातली दुपार आठवायची, कपड्यांच्या घड्या आठवायच्या, आणि तिनं त्या आधी दोनदा काय विचारलं होतं ते आठवायचा प्रयत्न करायचो. ते काही आठवलं नाही.

फोनला रेंज नव्हती. कुठंतरी उंच काठावर चढलं तर पलीकडच्या टॉवरची रेंज यायची. दर रविवारी मी अशी जागा शोधून घरी फोन करायचो. बायको विचारायची, तब्येत बरी आहे ना? मी म्हणायचो, हो. मग ती फोन मुलीकडे द्यायची. मुलगी आठवीत होती. तिनं सुरुवातीला खूप विचारलं, मगर दिसली का, वाघ दिसला का, रात्री भीती वाटते का. मी नाही, नाही म्हणत गेलो. दिसलं नव्हतं म्हणून नाही म्हटलं. तिला दुसरं काही सांगता आलं असतं, पाणकावळे पंख पसरून ओळीनं कसे बसतात ते सांगता आलं असतं, पण फोन कानाला लावला की मला काही सुचायचं नाही. चौथ्या रविवारी बोलणं एका मिनिटात संपलं. पाचव्या रविवारी मी काठ चढलो, रेंज आली, फोन हातात धरून करंजाच्या झाडाखाली बसलो आणि न लावताच उतरलो. पुढच्या वेळी कुणी विचारलं नाही की मागच्या रविवारी फोन का नाही केला.

फेब्रुवारी लागल्यावर मी अहेरीच्या बराच खाली आलो. तिथं नदी रुंद होते आणि मधोमध रेतीचं मोठं बेट उघडं पडतं. बेटाच्या आणि आपल्या काठाच्या मध्ये एक लांबट डोह आहे, तिथं माझा आठ दिवसांचा मुक्काम होता. बेटावर डांगरवाडी होती. पाणी उतरलं की लोक रेतीत खड्डे करून, खत टाकून डांगरं म्हणजे खरबुजं, शिवाय टरबूज, काकडी लावतात आणि पीक निघेपर्यंत तिथंच झोपडी घालून राहतात. त्या वाडीवर एक बाई एकटीच होती. साठीची असेल. उंच, काळीसावळी, काष्टा घातलेलं हिरवं लुगडं. डोक्यावर हंडा घेऊन ती पाण्यावरून वाडीपर्यंत सारख्या फेऱ्या मारायची आणि एकेका वेलीला वाटीनं पाणी घालायची. दुरून पाहताना ती वेलींशी बोलते आहे असं वाटायचं. नंतर कळलं की ती खरंच बोलत असे, मुख्यतः शिव्या द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होतो तर बेटावरून हाक आली. ओ डोंगेवाले भाऊ, उठले का? मला वाटलं दुसऱ्या कुणाला असेल. पण दुसरा डोंगा नव्हता. ती हाक मारतच राहिली, एकाच पट्टीत, मध्ये थांबून थांबून. शेवटी मी ताडपत्री वर केली आणि ओरडलो, उठलो. ती वळली आणि कामाला लागली.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही. मला त्याचा राग यायला लागला. इतके दिवस कुणी काही विचारत नाही म्हणून कुढत होतो आणि आता एक बाई रोज सकाळी विचारते तर ते मला नको होतं. पाचव्या दिवशी मी बोट बेटाला लावली आणि पिण्याच्या पाण्याचं निमित्त करून तिच्याकडे गेलो. रेतीत तिनं एक झिरा खणला होता, त्यातलं पाणी काचेसारखं होतं. मी कॅन भरला आणि विचारलं, बाई, तुम्ही मला रोज सकाळी हाक का मारता?

ती वेलीखालची रेती सारखी करत होती. मान वर न करता म्हणाली, "मागच्या सालाले याच वाडीवर माहा बुढा मेला. सकाळी मी पानी भरून राह्यली होती. मले वाटलं झोपून हाय. दुपारपावतर मी त्याले उठवलंच नाई. चार घंटे तो तसाच होता न् मी इथी वेलाले पानी घालत होती."

मग तिनं वर पाहिलं. "तुमी एकटे दिसले. म्हनून इचारतो."

मी म्हटलं, मी रोज ओ देत जाईन. ती म्हणाली, द्या. एवढंच. मी कॅन उचलून बोटीवर आलो.

त्यानंतर दोन दिवस मी तिच्या हाकेच्या आधी उठून बसलो. हाक आली की लगेच ओ द्यायचो. एकदा तर ती विसरली असं वाटून मीच आधी ओरडलो, उठलो बाई. ती हसली असावी, अंतरामुळे दिसलं नाही.

आठव्या दिवशी, म्हणजे जायच्या दिवशी, मला ताप चढला. आदल्या संध्याकाळीच अंग दुखत होतं. सकाळी हाक ऐकली. ऐकू येत होती, पण ती फार दुरून, कुठल्यातरी दुसऱ्या गावाहून येते आहे असं वाटत होतं. दात वाजत होते. मी ओ दिली, असं मला वाटलं. ती तोंडातून बाहेर पडलीच नसावी. हाक पुन्हा आली, पुन्हा आली, आणि मग थांबली.

नंतरचं तिनंच मला सांगितलं. डोह मधे खोल होता. ती बेटाच्या खालच्या टोकाकडून, जिथं पाणी छातीइतकं होतं तिथून, हातात बांबू धरून माझ्याकडे आली. मला आठवतं ते एवढंच की बोट एका अंगाला झुकली आणि ओला, खरबरीत हात माझ्या कपाळावर आला. ती म्हणाली, "हाव जी हाव, जित्ता हाय." ती मला सांगत होती की स्वतःला, ठाऊक नाही.

तिनं काठावरून जाणाऱ्या कुणालातरी ओरडून गावात निरोप पाठवला. दुपारी गावातल्या आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या, बोटाला सुई टोचून रक्त पट्टीवर घेतलं आणि मलेरिया आहे म्हणाल्या. गोळ्या दिल्या, कोणती किती दिवस घ्यायची ते दोनदा सांगितलं. गावातल्या दोघांनी मला बेटावर तिच्या झोपडीत नेऊन टाकलं. झोपडी म्हणजे बांबूचे तट्टे आणि वर पळसाची पानं. तिथं मी तीन दिवस पडून होतो. ती मला आंबील द्यायची, नको म्हटलं तरी वाटी तोंडाशी धरून ठेवायची. स्वतः बाहेर रेतीवर झोपायची. माझ्या वह्यांचं काय, म्हणून मी पहिल्या दिवशी फार अस्वस्थ होतो. तिनं विचारलं, त्यात काय लिहिता? मी सांगितलं, पाणी किती उतरलं ते. ती म्हणाली, ते तर मी सांगतो, आणि झोपडीसमोर रेतीत खोवलेली एक काडी दाखवली. काल काडीपाशी पाणी होतं, आज इथं आहे. मी तिला बोटं मोजून सांगायला लावलं आणि ते आकडे वहीत उतरवले. माझ्या चार महिन्यांच्या नोंदींत त्या तीन दिवसांच्या नोंदी तिच्या आहेत. ऑफिसला हे ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. संध्याकाळी मी झोपडीच्या दाराशी बसलो होतो. तिनं विचारलं, घरी कोनी नाई का? मी म्हटलं, आहेत, बायको आहे, मुलगी आहे, चंद्रपूरला.

"मंग इथी काऊन?"

"काम आहे."

"काम तं सगळ्यालेच हाय," ती म्हणाली. आणि उठून चुलीकडे गेली. तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला वाटत होतं काढावा.

बरा झाल्यावर मी निघायला हवं होतं. आधीच तीन दिवस उशीर झाला होता. पण मी ऑफिसला कळवलं की इंजिन बिघडलं आहे, दुरुस्तीला चार दिवस लागतील. इंजिनला काही झालं नव्हतं. वीस वर्षांच्या नोकरीत मी कामात खोटं बोललो नव्हतो. त्या चार दिवसांत मी काही विशेष केलं नाही. सकाळी ओ द्यायची. मोजमाप झालं की बेटावर जाऊन हंडे भरू लागायचो. माझ्या हातून वाटी तिरपी पडली, रेती उडाली की ती वेलीला देत होती त्याच शिव्या मला द्यायची. तिचा मुलगा अहेरीकडे कामाला होता, आठवड्यातून एकदा मोटरसायकलवर काठापर्यंत येऊन तांदूळ ठेवून जायचा. मुलानं तिला वाडी सोडून चल म्हटलं होतं. ती नाही म्हणाली होती. बुढा इथं गेला म्हणून का, मी विचारलं. नाही, ती म्हणाली, सुनेच्या घरी दिवसभर टीव्ही चालतो.

निघालो त्या सकाळी तिनं दोन डांगरं आणून बोटीत ठेवली, अजून पुरती पिकली नव्हती. तिला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिचं नाव मी विचारलं नव्हतं आणि तिनं माझं. परत येईन म्हणालो. ती म्हणाली, पावसात ही रेतीच राहणार नाही. ते खरंच होतं. पुढच्या वर्षी नदी बेट कुठं ठेवेल हे कुणाला ठाऊक? इंजिनच्या आवाजात ती आणखी काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

खालचा सगळा प्रवास मला नीट आठवत नाही. मार्च आला, काठावरचे पळस पेटले, नदी इतकी उतरली की जागोजागी खडक वर आले आणि मी अर्धा वेळ पाण्यात उतरून बोट ढकलत होतो. गावांमधली भाषा हळूहळू बदलली, सिरोंच्याकडे लोक तेलुगूत विचारायचे आणि मी मराठीत सांगायचो. सकाळी जागा झालो की काही क्षण तसाच पडून राहायचो, कान देऊन. पाणी, पक्षी, कधी दूरची बैलगाडी. मग उठायचो. आता मी नांगर काठाजवळ टाकायचो, गावातली माणसं पाण्याला येतात तिथं, पण त्या माणसांना माझ्याशी काही काम नव्हतं. ती भांडी घासून निघून जायची.

एप्रिलात गोदावरीच्या संगमापाशी काम संपलं. बोट ट्रकवर चढवली. मला घरी जायची घाई असायला हवी होती, पण मी आधी गोंडपिपरीची बस धरली आणि नावाड्याच्या गावी गेलो. तो अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. मी बहिणीचं विचारलं, मग इकडचं तिकडचं झालं. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही आला नाहीत. त्यानं जाळ्याची गाठ दातानं ओढली.

"तुमाले मी नको होतो," तो म्हणाला. "मले दिसत होतं. म्हटलं, काऊन जा?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, बायकोच्या बोलण्यात नव्हता तसाच. मी म्हटलं, तसं नव्हतं. तो पुढची गाठ मारू लागला. मग मी त्याला म्हटलं, तुमच्या वडिलांची ती पुराची गोष्ट परत सांगा. तो म्हणाला, कोणती, मी तर लय सांगतल्या. मला कोणती ते सांगता आलं नाही. चहा झाला. त्यानं मला बसपर्यंत सोडलं. बस यायला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात मी त्याला त्या बाईबद्दल आणि तापाबद्दल सांगितलं. तो नीट ऐकत होता. मधे मधे विचारत होता, मंग? माझं सांगणं त्यानं असं ऐकून घेतल्याचं मला फार लागलं.

घरी पोचलो तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. मुलगी शाळेत होती. बायको म्हणाली, काळे झालात, बारीक झालात. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. भाऊ काय म्हणाला ते तिला सांगितलं, जसंच्या तसं. तिनं ताट हलवलं, दोन खडे काढून बाजूला ठेवले आणि म्हणाली, "हो." मग मी मलेरियाचं सांगितलं. त्यावर तिचा हात थांबला.

"ताप आला, हे फोनवर सांगितलं नाही तुम्ही."

मी म्हटलं, रेंज नव्हती. बेटावर नव्हतीच, ते खरं होतं. पण बरा झाल्यावरच्या रविवारी मी काठावर चढलो होतो, फोन लागला होता, आणि तब्येत बरी आहे ना या प्रश्नाला मी हो म्हटलं होतं. तिलाही तो रविवार आठवत असणार. ती उठून तांदूळ धुवायला गेली.

आता मला अहेरीत नोकरी आहे, मोजणीचीच. एक खोली घेतली आहे. शनिवारी चंद्रपूरला जातो, सोमवारी पहाटेच्या बसनं परत येतो. बायको म्हणते, हेच बरं आहे, आणि कदाचित आहेही. त्या प्रवासाच्या पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मी त्या डोहापाशी जाऊन आलो होतो. बेट दुसरीकडे सरकलं होतं, वाडी दुसऱ्याच कुटुंबाची होती. ती बाई यंदा आली नाही, असं त्यांनी सांगितलं. मुलाकडे असेल, म्हणाले. मुलाचा पत्ता मी विचारला नाही. तिच्या घरी जाऊन मी काय बोललो असतो? नदी मधे नसताना आम्हाला एकमेकांना काय विचारायचं ते ठाऊक नव्हतं.

घरी मात्र मी रोज फोन करतो. इथं रेंज चांगली आहे. बायको विचारते, जेवलात का, आणि मी नुसतं हो म्हणत नाही, काय जेवलो ते सांगतो. मग मुलगी फोन घेते, ती आता दहावीत आहे, घाईत असते. तरी एखाद्या दिवशी ती म्हणते, बाबा, अजून काहीतरी सांगा ना. मी खिडकीतून बाहेर बघत सांगण्यासारखं काहीतरी शोधतो. ती थांबून राहते.